मोबाईलवरचे ‘सहमत’ म्हणजे सहीच!



पेरणीच्या दिवसांत बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल बघतो, लॉट नंबर बघतो, मुदत बघतो आणि पक्के बिल मागतो. निदान मागावे, असे आम्ही कृषी खात्याची माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पण त्याच हंगामात मोबाईलवर पाच-सहा ठिकाणी ‘मी सहमत आहे’ असा चौकोन येतो. तिथे काय लिहिले आहे हे किती जण वाचतात? “दाबून टाक ना बापू, त्याच्याशिवाय पुढं सरकत नाही,” असे कोणीतरी म्हणते आणि आपण दाबतो.

पिंपळगाव राजा परिसरात आता शेतीचे निम्मे काम मोबाईलवर आले आहे. पिकाची नोंद ई-पीक पाहणीवर. योजनेचा अर्ज महाडीबीटीवर. शेतकरी ओळख क्रमांक अ‍ॅग्रिस्टॅकवर. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागली. त्याशिवाय फवारणीचा सल्ला देणारी, बाजारभाव सांगणारी, कर्ज देतो म्हणणारी खासगी अ‍ॅप वेगळीच. प्रत्येक जण आपल्याकडून काही ना काही माहिती घेतो. त्या बदल्यात आपण जो होकार देतो, त्याचा अर्थ काय, तो कसा मागितला गेला पाहिजे आणि गावातल्या अधिकाऱ्यांची त्यात काय जबाबदारी आहे, हे आज समजून घेऊ.

जुना धडा : सुपे, १८७५

ही गोष्ट नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. कागद हाती लागले की ते जाळायचे. कारण त्या कागदांवर शेतकऱ्याचा अंगठा होता, पण कागदात काय लिहिले ते त्याला ठाऊक नव्हते. अंगठा खरा, समज शून्य.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आपला वऱ्हाड तेव्हा त्यात नव्हता. त्या कायद्यात एक चांगली तरतूद होती. शेतकऱ्याने लिहून द्यायचे खत गावनिबंधकासमोर झाले पाहिजे; त्याने ते वाचून दाखवायचे, समजावून सांगायचे आणि शेतकऱ्याला समजले याची खात्री करूनच त्याची सही-अंगठा घ्यायचा.

म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने मान्य केले होते की नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे. आज कागदाच्या जागी पडदा आला आणि अंगठ्याच्या जागी ओटीपी आला. वाचून दाखवणारा निबंधक मात्र कुठे राहिला नाही.

फार्मर आयडीत आपण काय देतो?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. अ‍ॅग्रिस्टॅक हा त्याचाच भाग. त्यात शेतकऱ्यांची नोंदवही, हंगामी पिकांची नोंदवही आणि जमिनीचे नकाशे अशा तीन गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला.

नोंदणी करताना आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि आपल्या नावावरचे गट नंबर द्यावे लागतात. शेवटी संमतीच्या चौकोनात खूण आणि आधारच्या ओटीपीवर ई-स्वाक्षरी. हा ‘ई-स्वाक्षरी’ शब्द नीट ध्यानात घ्या. तिथे सांगितलेला ओटीपी म्हणजे कागदावर केलेली सही.

याचे फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. दरवेळी सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स घेऊन फिरणे कमी होते. एकाच्या जमिनीवर दुसऱ्याने अर्ज करणे अवघड होते. आपल्याच राज्यात एक रुपयात पीक विमा योजना २०२३ च्या खरिपापासून सुरू झाली आणि २०२५ मध्ये बंद झाली. त्या काळात दुसऱ्यांच्या जमिनीवर, इतकेच काय सरकारी जमिनीवरही बोगस अर्ज भरल्याचे उघड झाले. ज्याचा सातबारा, त्याला पत्ताही नाही! ओळख क्रमांकाने असल्या प्रकारांना आळा बसावा हा हेतू रास्त आहे.

पण दुसरी बाजूही आहे. कोणाकडे किती जमीन, कोणते पीक, कोणत्या योजनेचा किती लाभ, ही सगळी माहिती एका ठिकाणी जोडली की ती मोलाची होते. बियाणे, खते, औषधे, कर्ज आणि विमा विकणाऱ्या प्रत्येकाला ती हवी असते. म्हणूनच २०२१ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांबरोबर या कामाचे करार सुरू केले, तेव्हा देशातल्या पन्नासहून अधिक संघटनांनी पत्र लिहून शेतकऱ्याच्या संमतीचा प्रश्न उचलला होता. ही माहिती शेतकऱ्याच्या संमतीनेच दुसऱ्याला दिली जाईल, अशी भूमिका केंद्र सरकारने मांडली आहे. मग ती संमती खरी असावी, एवढी काळजी आपण घ्यायला नको का?

परवानगी मागण्याच्या तीन तऱ्हा

अ‍ॅप बनवणारे आपली परवानगी कशी मागतात यावर बरेच काही ठरते. जगात याच्या मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा – ‘सगळे द्या, नाहीतर वाटेला लागा.’ जुन्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये अ‍ॅप घेतानाच एक लांबलचक यादी यायची. संपर्क, संदेश, कॅमेरा, ठिकाण सगळे एकदम. मान्य असेल तर अ‍ॅप घ्या, नसेल तर राहू द्या. सालदाराला नुसता बैल सोडायला पाठवायचा आणि त्यासाठी घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या, तशातली गत.

दुसरी तऱ्हा – ‘आम्ही खूण करून ठेवली आहे, तुम्ही फक्त पुढे जा.’ चौकोनात आधीच टिक मारलेली असते. ‘होय’चे बटण मोठे, हिरवेगार, ‘नाही’ बारीक अक्षरात कोपऱ्यात. युरोपात २५ मे २०१८ पासून कडक कायदा लागू झाला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधीच मारलेली टिक ही संमती नव्हेच. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोठावल्याचे जाहीर केले. कारण काय? होकार एका टिचकीत होत होता आणि नकाराला मात्र अनेक टिचक्या लागत होत्या. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई केली. गिऱ्हाइकाला भुलवून नको ते करायला लावणे हा आता नुसता चलाखपणा राहिलेला नाही, ती अनुचित प्रथा ठरते.

तिसरी तऱ्हा – ‘गरज पडेल तेव्हा, गरजेपुरते विचारू.’ ही खरी पद्धत. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅपला प्रत्येक परवानगी वेगळी आणि वापराच्या वेळी मागावी लागू लागली. २०१९ मध्ये ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ ठिकाण सांगण्याची सोय आली. २०२० मध्ये ‘फक्त या वेळी’ असा पर्याय आला. काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोयही तेव्हाच आली. हे पर्याय तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये बहुधा आहेत, फक्त ते वापरले जात नाहीत.

ई-पीक पाहणीचेच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पाहणीत वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. फोटोसाठी कॅमेरा हवा आणि फोटो त्याच गटातला आहे हे कळायला ठिकाण हवे. दोन्ही मागण्या कामाच्या आहेत, समजण्यासारख्या आहेत. ‘अ‍ॅप वापरत असताना’ एवढी परवानगी दिली की काम भागते. पण तुरीवरच्या अळीचा सल्ला देणारे एखादे अ‍ॅप तुमच्या मोबाईलमधले पाहुण्या-रावळ्यांचे नंबर मागू लागले तर विचारा – अळीचा आणि माझ्या मेव्हण्याच्या नंबराचा संबंध काय?

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील असे त्या अधिसूचनेत ठरले. पण कायद्याची दिशा समजायला तोवर थांबण्याचे कारण नाही. त्यातल्या पाच गोष्टी लक्षात ठेवा.

१. संमती मोकळ्या मनाने, विशिष्ट कामासाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने घेतलेली असावी. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे.

२. कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. कायद्यातच उदाहरण दिले आहे – फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्क यादीही मागितली आणि माणसाने ‘हो’ म्हटले, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची. संपर्क यादीची त्या कामाला गरज नाही.

३. संमतीची विचारणा सोप्या भाषेत हवी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय हवी. मराठी त्यात आहे. म्हणजे मराठीतून मागणे हा आपला हक्क आहे.

४. दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे आणि ते देण्याइतकेच सोपे हवे. मागे घेतल्याचे परिणाम, जसे सेवा बंद होणे, मात्र आपल्यालाच सोसावे लागतात.

५. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी आई-वडिलांची किंवा पालकांची खात्रीशीर संमती हवी. पोराच्या हातात मोबाईल देताना हेही ध्यानात असू द्या.

माहिती नीट सांभाळली नाही तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सक्ती आणि संमती यांची गल्लत नको

आता मुख्य मुद्दा. वाचक विचारतील, “साहेब, आयडीशिवाय योजना नाही, मग आम्ही ‘सहमत’ दाबलं काय अन् नाही दाबलं काय?”

प्रश्न बिनतोड आहे. ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणणे बरोबर नाही. कायद्यानेही ही गोष्ट वेगळी ठेवली आहे. अनुदान, लाभ, दाखले, परवाने देण्यासाठी शासनाला काही अटींवर वेगळी संमती न घेताही माहिती वापरता येते. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही न्यायालयाने सरकारी अनुदानासाठी आधार मागणे मान्य केले आणि खासगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूद रद्द केली.

पण संमती लागत नाही म्हणून शासनाला रान मोकळे मिळाले असे नाही. नव्या नियमांत शासनावरही बंधने आहेत. माहिती गरजेपुरतीच घ्यायची, ठरलेल्या कामालाच वापरायची, काम संपल्यावर साठवून ठेवायची नाही, सुरक्षित ठेवायची आणि शंका कोणाला विचारायच्या ते सांगायचे.

म्हणून माझे म्हणणे असे. जिथे सक्ती आहे तिथे ‘ही सक्ती आहे, अमुक नियमाने आहे, माहिती अमुक कामाला वापरली जाईल’ असे सरळ सांगावे. जिथे मर्जी आहे, म्हणजे बँकेला, विमा कंपनीला, खासगी सल्लागाराला माहिती देण्याचा प्रश्न येईल, तिथे वेगळा चौकोन हवा, वेगळा प्रश्न हवा आणि ‘नाही’ म्हटले तरी योजनेचे काम अडता कामा नये. एकाच टिकमध्ये सक्ती आणि मर्जी दोन्ही कोंबल्या की शेतकऱ्याला काय दिले आणि काय राखले हेच कळत नाही. सावकाराच्या खतात नेमके हेच होत होते.

खरे नुकसान कुठे होते?

“आपल्याजवळ लपवायचं आहे तरी काय?” असे बरेच जण म्हणतात. लपवायचे नसेल, पण गमवायचे पुष्कळ आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’च्या नावाने एपीके फाइल फिरवून लोकांना लुबाडल्याचे प्रकार देशभर घडले आहेत. फाइल उघडली की ती मोबाईलमधले संदेश वाचण्याची परवानगी मागते. आपण ‘अनुमती द्या’ दाबले की बँकेचा ओटीपी चोराला दिसतो. चोराने कुलूप तोडले नाही, आपणच दार उघडले. कोणतीही सरकारी योजना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एपीके फाइलने मिळत नाही.

झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचेही तसेच. संपर्क यादी आणि फोटो ताब्यात घ्यायचे आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची, असे प्रकार वाढले. म्हणून रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनांत कर्जाच्या अ‍ॅपना फाइल, फोटो, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी बघण्यास मनाई केली. कर्जाचे अ‍ॅप संपर्क यादी मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

घरातली एक गोष्टही बघण्यासारखी आहे. जमीन माईच्या नावावर असते, मोबाईल पोराचा असतो आणि ओटीपी त्याच्याकडेच येतो. खातेदार ती, होकार दुसऱ्याचा. पोरगा चांगला असेल, पण तिच्या सहीचा मालक तो नाही. काय भरले, कशासाठी भरले, हे तिला बसवून सांगा.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. ओटीपी सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा : कशासाठी? कोणाकडे जाणार? नाही दिला तर काय अडते?

२. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून किंवा सरकारी संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच घ्या.

३. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ असा भाग असतो. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत घेऊन एकदा तपासा. ज्याला गरज नाही त्याची परवानगी काढा. हंगाम संपल्यावर, तण काढतो तसे, न लागणारे अ‍ॅपही काढून टाका.

४. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि काम लिहा. जिथे चालते तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्या. बोटांच्या ठशांना कुलूप लावण्याची सोयही आधारमध्ये आहे. माहितीसाठी क्रमांक १९४७.

५. केंद्रावर अर्ज भरला की पावती घ्या आणि कोणते गट नंबर, कोणते पीक, कोणते बँक खाते भरले ते जागेवरच तपासा.

६. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. जेवढा उशीर, तेवढी रक्कम दूर जाते.

गावातल्या अधिकाऱ्यांनी काय करावे?

हा भाग माझ्यासकट आपल्या सर्वांसाठी. ज्यांना गाव अजून तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक म्हणते ती माणसे, सरपंच, पोलीस पाटील, केंद्रचालक, सगळ्यांसाठी. शेतकऱ्याच्या दृष्टीने अ‍ॅप म्हणजे आपणच. पडद्यावरचा मजकूर तो वाचत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो. म्हणून :

१. शिबिराच्या सुरुवातीला पाच मिनिटे संमतीचा मजकूर मराठीतून मोठ्याने वाचा. शंभर जणांना एकदाच वाचून दाखवायला वेळ लागत नाही.

२. चौकोनातली खूण शेतकऱ्याला करू द्या. मोबाईल चालवता येत नसेल तर आधी सांगा, विचारा, मग त्याच्या समोर करा.

३. लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांक, खाते क्रमांकासकट गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. यादी जाहीर करायची असेल तर कामापुरती नावे पुरेत.

४. जमा झालेल्या झेरॉक्स रद्दीत किंवा भज्याच्या पुड्यात जाणार नाहीत हे बघा. काम झाले की परत द्या किंवा फाडून नष्ट करा.

५. एका योजनेसाठी घेतलेले मोबाईल नंबर कोणत्याही कंपनीच्या प्रतिनिधीला देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

६. ‘नाही’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी समजू नका. त्याची शंका लिहून वरच्या कार्यालयाला कळवा. पुढचे अ‍ॅप सुधारायचे तर अशाच शंका कामाला येतात.

बंधूंनो, मोबाईल टाळून आता शेती होणार नाही आणि तो टाळावा असे माझे म्हणणेही नाही. बांधाची खूण आपण जिवापाड जपतो, शेजाऱ्याने एक तास सरकवला तरी मोजणी आणतो. आपल्या माहितीलाही तसाच बांध आहे. तो कुठे उघडायचा, किती उघडायचा आणि कधी बंद करायचा हे आपल्या हातात ठेवा. येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. गावात भरणाऱ्या प्रत्येक नोंदणी शिबिरात संमतीचा मजकूर आधी मराठीत वाचून दाखवावा, असा ठराव करा. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.